शब्दांची पोपटपंची

दिवाळीला पाहुणे आले, की यवतमाळच्या घरोघरी पोराला हाक जाते: “बाळ, तो इंग्रजी शब्द म्हणून दाखव!” बाळ स्पेलिंगसह घडाघडा म्हणतो, आईबाप धन्य होतात. अर्थ मात्र कुणीच विचारीत नाही! यादीतून घोकलेला शब्द खोट्या दागिन्यासारखा. मिरवायला ठीक, अडीअडचणीला कवडीचा नाही.

शब्द वाचताना भेटावा. किपलिंगच्या १८९४च्या ‘जंगल बुक’मध्ये ‘मंगूस’ येतो. तो मुळात आपलाच मुंगूस, इंग्रजीत जाऊन बसलेला! अमेरिकेच्या इतिहासात व्हिटनीचे १७९३चे ‘जिन’ येते. कोश उघडावा तर आधी दारू निघते! पण जिनिंगच्या दारात कापसाच्या गाड्या पाहणाऱ्या पोराने का बिचकावे? सरकी वेगळी करणारे तेच ते यंत्र. ‘एंजिन’चे हे आखूड रूप.

हा सांधा जुळवून न देता आम्ही पोरांना याद्या देतो आणि वर घरच्या शब्दांची लाज वाटायला शिकवतो. ही विद्या नव्हे, पोपटपंची! तेव्हा पाहुणे हो, यंदा स्पेलिंग विचारू नका. “शब्द कुठल्या पुस्तकात भेटला, आणि आपल्याकडे त्याला काय म्हणतात?” एवढेच विचारा.