रांग वाकते ती कोणापुढे?

उन्हाळ्याच्या सुट्टीतील एक रविवार डोळ्यांसमोर आणावा. उत्तर नागपुरातील कामगार वस्तीतले एक कुटुंब शहराबाहेरच्या एखाद्या जलक्रीडा उद्यानात आले आहे. वर्षभर पैसे बाजूला टाकून ही सहल ठरलेली असते. मुलांबरोबर त्यांचा तिशीतला मामा आहे. उंच घसरगुंडीच्या जिन्याखाली दीडशे माणसांची रांग लागली आहे, डोक्यावर छप्पर नाही, टेकायला बाक नाही. मामाला सिकलसेलचा आजार आहे आणि त्या आजाराने त्याच्या खुब्याचे हाड झिजले आहे. दहा मिनिटांपलीकडे तो उभा राहू शकत नाही. भाचे रांगेत राहतील, पाळी आली की आपल्याला आत घ्यावे, एवढीच त्याची विनंती आहे. दारावरचा रक्षक त्याला खालीवर न्याहाळतो आणि म्हणतो, "भाऊ, चांगले धडधाकट तर दिसून राहिले तुम्ही! रांग सगळ्यांना सारखीच."

मामा परत फिरतो आणि दिवसभर पिशव्या राखत झाडाखाली बसतो. तिकीट मात्र त्याने इतरांइतकेच भरलेले असते. नागपूर आणि विदर्भापुरते पाहिले तरी हा प्रसंग काल्पनिक म्हणून सोडून देता येणार नाही. सिकलसेल हा या भूमीचा जुना आजार आहे. नागपूरच्या शुक्ला आणि सोळंकी या डॉक्टरांनी मध्य भारतातील त्याच्या अस्तित्वाची नोंद १९५८ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात केली. आदिवासी आणि दलित समाजांत त्याचे प्रमाण विशेष आहे. या आजारात रक्तातील तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि असह्य वेदना सुरू होतात. शरीरातील पाणी कमी होणे, अतिश्रम, कडक ऊन, अचानक लागलेला गारठा ही सारी त्या वेदनेची निमित्ते. मे २०१३ मध्ये ज्या शहरात पारा ४७.९ अंशांवर गेला होता, त्या शहरात अशा माणसाला तासभर उन्हात उभे करणे म्हणजे त्याला आजारी पाडणे होय. त्याच्या हातात काठी नसते, तो चाकांच्या खुर्चीत नसतो, म्हणून त्याचे दुखणे खोटे ठरत नाही. हृदयविकार, संधिवात, वार्धक्य यांनी थकलेली माणसे, गर्दीच्या गोंगाटाने जीव घाबरा होणारे स्वमग्न मूल, हे सारे याच रांगेच्या शेवटी उभे आहेत.

'रांग सगळ्यांना सारखीच' या वाक्याचा समाचार घेतलाच पाहिजे, कारण ते वरकरणी समतेचे वाक्य आहे. समाजवाद्यांना रांगेविषयी आदर वाटावा हे स्वाभाविक आहे. रेशनच्या दुकानापुढे, रॉकेलच्या गाड्यापुढे, एस.टी.च्या खिडकीपुढे गरिबाला काही संरक्षण असेल तर ते रांगेचे. रांग नसेल तेथे धटिंगण पुढे जातो आणि दुबळा मागे राहतो. परंतु सर्वांना एकच माप लावणे म्हणजे समता नव्हे, हेही याच चळवळीने शिकविले आहे. तापाने फणफणलेल्या मुलाला आणि पैलवानाला एकच ओझे देणारा मुकादम निःपक्षपाती नसतो, निर्दय असतो.

शिवाय ही रांग खरोखर सर्वांना सारखी असती तर गोष्ट वेगळी होती. बंगळूर, कोची, हैदराबाद येथील 'वंडरला' उद्यानांत जादा पैसे मोजून 'फास्टट्रॅक' तिकीट घेता येते. खोपोलीजवळ २०१३ साली सुरू झालेल्या 'इमॅजिका'नेही असा जलद प्रवेश विकला आहे. अमेरिकेतील डिस्नेच्या उद्यानांत १९९९ पासून पाळीची वेळ आधी राखून ठेवण्याची सोय प्रत्येक तिकीटधारकाला फुकट होती. २०२१ साली ती बंद झाली आणि तिच्या जागी पैसे देऊन घ्यावयाची सोय आली. जे सर्वांचे होते ते आधी काढून घ्यावयाचे आणि मग तेच विकावयाचे, हा भांडवलशाहीचा जुनाच व्यवहार येथे पाळीवर चालविला गेला. म्हणजे रांग मोडता येते. यंत्रे थांबत नाहीत, व्यवस्था कोलमडत नाही, मागचे लोक बंड करीत नाहीत. रांग पैशापुढे रोज वाकते. ती ताठ उभी राहते ती केवळ वेदनेपुढे.

आणि मामा मागतो तरी काय? तो पैसेवाल्यासारखा प्रतीक्षेतून सूट मागत नाही. रांग तासाची असेल तर तोही तासभर थांबायला तयार आहे. तो तास सावलीत, पाण्याच्या घोटासह, बसून काढू द्यावा, एवढेच त्याचे मागणे आहे. त्याच्या वाट्याचे एक मिनिटही कमी होत नाही आणि इतरांच्या वाट्याचे एक मिनिटही वाढत नाही. यासाठी मोठे यंत्रतंत्रही लागत नाही. बँकेत धनादेश दिला की हाती पितळी टोकन यायचे आणि नंबर पुकारेपर्यंत माणूस बाकावर बसायचा, हे या देशातील एका पिढीने रोज अनुभवले आहे. दवाखान्यातही नाव सांगून नंबर घेता येतो. कागदाच्या चिठ्ठीवर परत येण्याची वेळ लिहून देणे ज्या उद्यानाला जमत नाही, त्याला रोजच्या हजारो तिकिटांचा हिशेब कसा जमतो?

याला तीन आक्षेप घेतले जातात. पहिला आक्षेप असा की, सवलत दिली की लबाड लोक तिचा गैरफायदा घेतील. घेतात, हे खरे आहे. पण कोण घेतात? मे २०१३ मध्ये न्यूयॉर्कच्या वृत्तपत्रात आलेली हकीकत बोलकी आहे. तेथील काही धनिक कुटुंबे डिस्नेच्या उद्यानात रांग टाळण्यासाठी एखाद्या अपंग व्यक्तीला तासाला १३० डॉलर देऊन 'नातेवाईक' म्हणून बरोबर नेत असत. अपंगत्व भाड्याने घेण्याइतका निर्लज्जपणा श्रीमंतांनी केला. त्याच वर्षी सवलतीचे जुने कार्ड रद्द झाले आणि नव्या योजनेत परत येण्याची वेळ नेमून दिली जाऊ लागली. २०२४ साली ती योजनाही आक्रसली. स्वमग्नतेसारख्या विकासात्मक अपंगत्वापुरती ती मुख्यतः उरली आणि ज्यांचे शरीरच उभे राहू देत नाही अशा कित्येकांना अन्य पर्याय शोधण्यास सांगण्यात आले. लबाडी धनिकांची आणि शिक्षा आजाऱ्यांना, हा न्याय ओळखीचाच आहे. खोटी रेशनकार्डे सापडली म्हणून रेशन बंद करा म्हणणारे हेच लोक असतात. शिवाय ज्या सवलतीत वेळ तेवढाच थांबावे लागते, तिच्यात चोरण्यासारखे असते तरी काय?

दुसरा आक्षेप मालकीचा. उद्यान खाजगी आहे, तेथे मालकाचा नियम चालेल, असे सांगितले जाते. अपंग व्यक्तींच्या हक्कांचा २०१६ चा कायदा हे मान्य करीत नाही. जनता जेथे ये-जा करते ती इमारत सरकारी असो वा खाजगी, ती त्या कायद्याने सार्वजनिक इमारत आहे, आणि त्या व्याख्येत करमणुकीच्या जागांचा स्पष्ट उल्लेख आहे. त्याच कायद्याचे २९ वे कलम करमणुकीत इतरांच्या बरोबरीने भाग घेण्याच्या हक्काचे रक्षण करण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकते. आणि खाजगी म्हणजे किती खाजगी? पी. साईनाथ यांनी जून २००५ मध्ये नागपूर ग्रामीणमधील बाजारगावचे वर्णन 'द हिंदू'त केले होते. त्या गावच्या हद्दीतील उद्यानात अठरा प्रकारच्या पाण्याच्या घसरगुंड्या आणि विजेवर गोठविलेले बर्फाचे दालन होते. गावातील बायका मात्र हंडाभर पाण्यासाठी दिवसाला मैलोगणती चालत होत्या. ज्या धंद्याला भूमीतले पाणी, सरकारी रस्ता आणि सार्वजनिक वीज लागते, त्याला जबाबदारीची वेळ आली की खाजगीपणा आठवावा, हे चालू देता येणार नाही.

तिसरा आक्षेप दयाळू चेहऱ्याचा आहे. अशा लोकांसाठी वेगळी उद्याने होत आहेतच, असे तो म्हणतो. नागपुरातच पारडी परिसरात सुमारे १२ कोटी रुपये खर्चून ९० हजार चौरस फुटांवर 'अनुभूती' हे सर्वसमावेशक उद्यान उभे राहत असल्याचे केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी जानेवारी २०२३ मध्ये जाहीर केले. अशा उद्यानाला विरोध करण्याचे कारण नाही. पण एका उद्यानाचा उपयोग बाकी सर्व उद्यानांना दोषमुक्त करण्यासाठी होऊ नये. मामाला भाच्यांबरोबर जायचे आहे. भाचे एका उद्यानात आणि मामा दुसऱ्या, ही सहल नव्हे, ही वाटणी आहे. वेगळी विहीर खोदून पाण्याचा प्रश्न सोडविणाऱ्यांना बाबासाहेबांनी १९२७ साली महाडच्या चवदार तळ्यावर उत्तर दिले होते. माणसाला तळे हवे असते, आणि इतरांबरोबरचे तळे हवे असते.

कायदा आहे, मग अडते कोठे? २०१६ च्या कायद्याने अपंगत्वाचे २१ प्रकार मानले. सिकलसेल त्यांपैकी एक आहे. परंतु त्याच कायद्याने दिलेल्या नोकऱ्यांतील चार टक्के आरक्षणात रक्ताच्या या विकाराला स्थान नाही. म्हणजे ओळख द्यावयाची आणि भाकरी रोखून ठेवावयाची. सार्वजनिक इमारती सुगम करण्यासाठी नियम झाल्यापासून पाच वर्षांची मुदत होती. नियम जून २०१७ चे, मुदत जून २०२२ मध्ये संपली. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी यांच्या याचिकेवर निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने दाखवून दिले की कायदा सक्तीचा असताना सरकारने केलेला नियम निव्वळ शिफारशींचा होता. तो नियम कायद्याशी विसंगत ठरला आणि तीन महिन्यांत सक्तीचे निकष करण्याचा आदेश झाला. कायदा मोडणाऱ्याला पहिल्या गुन्ह्यासाठी दंड आहे तो जास्तीत जास्त दहा हजार रुपयांचा. गर्दीच्या रविवारी मोठ्या उद्यानाचा गल्ला पाहिला तर हा दंड म्हणजे शिक्षा नव्हे, किरकोळ खर्च आहे. २०१५ च्या डिसेंबरात पंतप्रधानांनी 'विकलांग' या शब्दाऐवजी 'दिव्यांग' शब्द सुचविला आणि तो फलकाफलकावर चढला. फलकाखाली बाक मात्र कोणी ठेवला नाही.

आता एक प्रश्न आपल्याच मंडळींना. भाकरीचे, जमिनीचे, बेकारीचे प्रश्न पेटलेले असताना घसरगुंडीच्या रांगेचा विचार कशाला, असे काही कार्यकर्त्यांच्या मनात येईल. त्यांनी आठवावे की ज्या रविवारी हे कुटुंब सहलीला निघाले, तो रविवारदेखील कोणी फुकट दिलेला नाही. नारायण मेघाजी लोखंडे यांच्या नेतृत्वाखाली मुंबईच्या गिरणी कामगारांनी तो १८९० साली मिळविला. आठ तास काम, आठ तास विश्रांती आणि आठ तास स्वतःचे, ही जगभरच्या कामगारांची घोषणा होती. स्वतःच्या त्या आठ तासांत आनंदही येतो. गरिबाने फक्त जगावे आणि आनंद श्रीमंताने करावा, ही वाटणी ज्याला मान्य आहे त्याने खुशाल हा प्रश्न क्षुल्लक मानावा.

आणि त्या दारावरच्या रक्षकाकडे एकदा पाहावे. मामाला परत पाठविणारा तो माणूस बहुधा ठेकेदाराकडचा असतो. त्यालाही उन्हात दिवसभर उभे राहावे लागते, आणि स्टूल टाकून बसला तर रोजी कापली जाण्याची धास्ती असते. केरळात कापडदुकानांतील विक्रेत्या स्त्रियांना बारा-बारा तास बसू दिले जात नसे. कोळिकोडच्या मिठाई रस्त्यावरील दुकानांतून त्यांनी संघटना बांधली, बसण्याच्या हक्कासाठी लढा दिला, आणि २०१८ साली केरळ सरकारला कायदा बदलावा लागला. २०२१ साली तामिळनाडूने तोच मार्ग धरला. उभा ठेवलेला कामगार आणि उभे राहू न शकणारा पाहुणा यांचा मालक एकच आहे आणि मागणीही एकच आहे. त्यांना एकमेकांसमोर उभे करण्यातच त्या मालकाचा फायदा आहे.

म्हणून नागपूरच्या साथींनी हे काम हाती घ्यावे. येत्या उन्हाळ्यापूर्वी शहरातील आणि भोवतालच्या प्रत्येक उद्यानाच्या व्यवस्थापनाला लेखी निवेदन द्यावे. प्रत्येक रांगेवर छप्पर, पाणी आणि बाक असावा. जो उभा राहू शकत नाही त्याला आणि त्याच्या कुटुंबाला परत येण्याच्या वेळेची चिठ्ठी मिळावी. ती देताना डोळ्यांना दिसणारे व्यंग मागू नये. वैश्विक ओळखपत्र किंवा डॉक्टरांचा कागद पुरेसा मानावा. चिठ्ठीला वेगळे मूल्य नसावे. आणि दारावरच्या कामगाराला स्टूल मिळावे. उत्तर न आल्यास पुण्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे तक्रार नोंदवावी आणि महापालिकेला व जिल्हा परिषदेला २९ व्या कलमाची आठवण करून द्यावी. सिकलसेलग्रस्तांच्या कुटुंबांना या कामात पुढे ठेवावे, कारण दुखणे त्यांचे आहे आणि शब्दही त्यांचेच हवेत. त्याआधी आपल्या मेळाव्यांत आणि मोर्च्यांत बसण्याची, सावलीची, पाण्याची सोय आहे काय, हेही प्रामाणिकपणे तपासावे. जी गोष्ट आपण मांडवात करीत नाही, ती मालकाकडे कोणत्या तोंडाने मागणार?

हे सारे झाले तरी रांग राहीलच, आणि ती राहिली पाहिजे. पण मग तिच्यात मामाचीही जागा असेल. ती जागा एका बाकावर असेल, आणि पाळी आली की भाचे त्याला हाक मारतील.