घरातील दोन वर्षे आणि आपले दायित्व

माधवगंजात बालरोगतज्ज्ञ म्हणून मला पंचवीसहून अधिक वर्षे झाली. ल्युकेमियाचे निदान माझ्या हातून फार थोड्या वेळा झाले. परंतु मुंबई-दिल्लीहून उपचार घेऊन परतलेली मुले मात्र माझ्याकडे येत राहिली. कधी तापासाठी, कधी खोकल्यासाठी, तर कधी केवळ वजन करून घेण्यासाठी. त्यांपैकी एका मुलाची आठवण आज लेखणी हाती घ्यावयास भाग पाडते आहे.

मुलगा सहा वर्षांचा होता. खोकल्याचे औषध घेऊन निघताना वडील सहज म्हणाले, "डॉक्टरसाहेब, आता पोरगा अगदी ठणठणीत आहे. त्या गोळ्या आम्ही बंदच केल्या." मी एवढेच म्हणालो, "मुंबईला एकदा विचारून घ्या." पाच महिन्यांनी रोग उलटला आणि मूल हाती लागले नाही. गोळ्या सुटल्यामुळेच तसे घडले, असे छातीठोकपणे सांगता येणार नाही. परंतु त्या दिवशी जे बोलावयास हवे होते ते मी बोललो नाही, ही रुखरुख आजही आहे.

मुलांमधील तीव्र लिम्फोब्लास्टिक ल्युकेमिया आज बरा होऊ शकणारा रोग आहे. प्रगत देशांत सुमारे 90 टक्के मुले पाच वर्षांनंतरही हयात असतात. आपल्या देशात टाटा मेमोरियल रुग्णालयाने 1984 च्या सुमारास एमसीपी-841 ही उपचारपद्धती अवलंबिली, तेव्हापासून या मुलांच्या उपचाराला शिस्त आली. परंतु रुग्णालयातील पहिले काही महिने म्हणजे अर्धीच लढाई. पुढील सुमारे दोन वर्षांचा मेंटेनन्सचा टप्पा मूल घरी राहून, तोंडाने गोळ्या घेऊन पार पाडते. या काळात त्याच्या सर्वांत जवळचा डॉक्टर कर्करोगतज्ज्ञ नसतो. तो आपल्यापैकीच कोणी असतो. म्हणूनच माझे मत असे की, या दोन वर्षांचे दायित्व आपण केवळ मोठ्या शहरातील रुग्णालयावर टाकून मोकळे होऊ नये.

मेंटेनन्सची मुख्य औषधे दोन. 6-मर्कॅप्टोप्युरीन रोज घ्यावयाचे, सामान्यतः शरीराच्या पृष्ठभागाच्या दर चौरस मीटरला 50 ते 75 मिलिग्रॅम. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच, दर चौरस मीटरला सुमारे 20 मिलिग्रॅम. मर्कॅप्टोप्युरीनची गोळी 50 मिलिग्रॅमची. त्यामुळे लहान मुलाला काही दिवस एक, काही दिवस अर्धी अशी मांडणी करावी लागते. येथेच घोटाळे होतात. आठवड्याची मेथोट्रेक्सेट रोज दिली गेली तर ती जिवावर बेतू शकते. शिवाय तिच्या गोळ्या अडीच आणि दहा अशा निरनिराळ्या मिलिग्रॅमच्या मिळतात. दुकानदाराने एक सोडून दुसरी दिली, तर 'सहा गोळ्या' या शब्दांचा अर्थ चौपट होतो. दुसरीकडे, दोन वर्षांत मूल वाढते आणि मात्रा मात्र जुनीच राहते. वजन-उंची मोजून ती मुंबईला कळविणे हे काम आपलेच आहे.

रक्ताच्या अहवालाबद्दलही एक गैरसमज आहे. या औषधांवर न्यूट्रोफिल साधारण 500 ते 1500 च्या दरम्यान राहावेत, हेच उद्दिष्ट असते. अहवालावर 'कमी' असा शिक्का पाहून पालक घाबरतात आणि आपणही अनेकदा मात्रा कमी करण्याचा सल्ला देतो. तो निर्णय उपचार करणाऱ्या तज्ज्ञाचाच असावा. मात्र नेहमीच्या मात्रेतही पेशी फारच खाली जात असतील, तर मुलाच्या टीपीएमटी किंवा एनयूडीटी15 या जनुकांत फरक असू शकतो. आपल्या लोकांत दुसऱ्या जनुकातील फरक अधिक आढळतो. त्याची तपासणी आता उपलब्ध आहे आणि तिच्या आधारे मात्रा ठरविता येते.

आणखी एक सवय आपण सोडली पाहिजे. फिकट मूल दिसले की हात आपोआप रक्तवर्धक टॉनिकच्या बाटलीकडे जातो. ल्यूसी विल्स यांनी मुंबईतील गर्भवती स्त्रियांच्या पंडुरोगाचा अभ्यास करून 1931 मध्ये जे निष्कर्ष मांडले, त्यांतून पुढे फॉलिक अ‍ॅसिडचा शोध लागला. त्याच्याच विरोधी द्रव्यावर यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या चमूने काम केले. 1948 मध्ये सिडनी फार्बर यांनी बोस्टनमध्ये त्या द्रव्याने मुलांच्या ल्युकेमियाला प्रथमच तात्पुरता लगाम घातला. मेथोट्रेक्सेट त्याच घराण्यातले. म्हणजे तज्ज्ञाला न विचारता फॉलिक अ‍ॅसिडयुक्त टॉनिक देणे, हे एका हाताने दिलेले दुसऱ्या हाताने काढून घेण्यासारखे आहे. त्याचप्रमाणे अ‍ॅलोप्युरिनॉल मर्कॅप्टोप्युरीनची विषाक्तता अनेक पटींनी वाढविते, तर को-ट्रायमॉक्सझोलची पूर्ण मात्रा मेथोट्रेक्सेटची. जिवंत विषाणूंच्या लसी या काळात वर्ज्य. ताप आला तर त्याच दिवशी रक्त तपासावे, आणि न्यूट्रोफिल 500 च्या खाली असतील तर तासाभरात शिरेवाटे प्रतिजैविक सुरू व्हावे. 'उद्या बघू' हे शब्द येथे चालत नाहीत.

सर्वांत मोठा शत्रू मात्र विस्मरण. 2012 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ज्या मुलांनी मर्कॅप्टोप्युरीनच्या 95 टक्क्यांहून कमी मात्रा घेतल्या, त्यांच्यात रोग उलटण्याचा धोका स्पष्टपणे वाढलेला आढळला. महिन्यातून दोन-तीन दिवस चुकले तरी आपण त्या रेषेखाली येतो. दुधाबरोबर द्यावी की नाही, यावर आया फार चिंता करतात. त्याहून महत्त्वाचे हे की गोळी रोज, ठरलेल्या वेळी पोटात जावी.

यासाठी खर्च लागत नाही. भिंतीवरील दिनदर्शिकेवर मेथोट्रेक्सेटचा वार लाल शाईने लिहून द्यावा. मात्रा हिंदीत वा मराठीत, अक्षरांत लिहावी. दर भेटीत उरलेल्या गोळ्या मोजाव्यात. गोळी तोडणारी व्यक्ती गर्भवती नसावी आणि तिने हातमोजे घालावेत, हेही सांगावे.

त्या वडिलांना मी त्या दिवशी खुर्चीत परत बसवावयास हवे होते. "मूल बरे दिसते, कारण गोळ्या चालू होत्या," एवढे एकच वाक्य मी उच्चारावयास हवे होते. आता अशा प्रत्येक मुलाच्या पालकांना मी खोकल्याविषयी विचारण्यापूर्वी गोळ्यांविषयी विचारतो. आपणही विचारावे, ही नम्र विनंती.