तळ्याचे पाणी कोणी बाटवले?

मार्च महिना आला की आंबेडकरी जनतेला महाड आठवते. २० मार्चला वस्त्यावस्त्यांतून गाड्या क्रांतिभूमीकडे निघतात, चवदार तळ्याच्या काठी जनसागर उसळतो आणि बाबासाहेबांनी ज्या पाण्याला हात लावला त्या पाण्यासमोर आम्ही नतमस्तक होतो. हे झालेच पाहिजे. परंतु महाडहून परतल्यावर आमच्या स्वतःच्या गावातल्या, वस्तीशेजारच्या तळ्याकडे आम्ही कधी पाहतो काय? हा सवाल आज आम्हाला आमच्याच माणसांना विचारावयाचा आहे.

नवी मुंबईतले बोनकोडे घ्या. पूर्वेला ठाणे-बेलापूर रस्ता व त्यापलीकडे एमआयडीसीचे कारखाने, पश्चिमेला ठाण्याची खाडी आणि मधल्या पट्ट्यात कोपरखैरणे, खैरणे, बोनकोडे ही आगरी-कोळ्यांची जुनी गावे. १७ मार्च १९७० रोजी सिडको स्थापन झाली आणि ठाणे, पनवेल, उरणच्या ९५ गावांच्या जमिनी नव्या शहरासाठी गेल्या. भातशेती गेली, मिठागरे गेली, खाजणे मातीने भरली गेली. गावठाण तेवढे उरले आणि गावचा तलाव उरला. खैरणे-बोनकोडेचा तलाव हा असाच मागे राहिलेला. त्याच्या आसपास आज गाववाला राहतो, माथाडी राहतो, सकाळी नाक्यावर उभा राहणारा मजूर राहतो आणि पोटासाठी मराठवाडा-विदर्भातून आलेली आमची माणसेही राहतात.

होळीच्या सुमारास एका पहाटे आम्ही या भागात होतो. पाण्याशी एक गृहस्थ गळ टाकून बसलेले. शेजारी प्लास्टिकचा डबा, डब्यात दोन बोटभर मासे.

“जयभीम दादा, काही लागतंय का?” आम्ही विचारले.

“जयभीम भाऊ. दोन चिलाप्या लागल्या. ऊन वाढलं की मासा वर येतो, पण गळाला तोंड लावत नाही. नुसता तोंड उघडून फिरतो.” मग थोडे थांबून म्हणाले, “आधी दुसऱ्या तळ्यावर बसायचो. तिथं रखवालदारानं हाकललं. म्हणाला, इथं लोक फिरायला येतात. तोबी आपल्याच वस्तीतला पोरगा. त्याला तरी काय बोलणार?”

या चार वाक्यांत सारा प्रश्न आला आहे. मासा तोंड उघडून का फिरतो आणि माणसाला तळ्यावरून का हाकलले जाते, हे दोन प्रश्न वेगळे नाहीत. म्हणून आधी माशाचे पाहू.

पाण्यात विरघळलेल्या प्राणवायूवर मासा जगतो. पाणी जितके गरम, तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २० अंश तापमानाच्या स्वच्छ गोड्या पाण्यात लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३२ अंशांच्या पाण्यात सुमारे सव्वासात. फाल्गुन-चैत्रात आपल्याकडे ऊन किती चढते ते सांगावयास नको. २८ मार्च २०१७ रोजी शेजारच्या रायगड जिल्ह्यात भिरा येथे ४६.५ अंश तापमान नोंदले गेले होते. अशा दिवसांत तळे आटते, पाणी थोडे राहते आणि पावसाळ्यानंतर साठलेली सारी घाण त्या थोड्या पाण्यात दाट होते. सांडपाण्याने शेवाळ माजते. ते दिवसा उन्हात प्राणवायू सोडते, पण रात्री स्वतःच तो ओढून घेते. तळाचा गाळ कुजताना उरलेलाही खातो. म्हणून सूर्य उगवण्यापूर्वीची वेळ माशाला सर्वात वाईट. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषानुसार मासळीसाठी पाण्यात लिटरमागे किमान ४ मिलिग्रॅम प्राणवायू असला पाहिजे. तो त्याहून बराच खाली गेला की रोहू, कटला यांचा जीव गुदमरतो. चिलापी थोडी तग धरते. मरळ, शिंगी, मांगूर यांना हवेतून श्वास घेता येतो, म्हणून ते टिकतात. ज्या तळ्यात चिलापी आणि मांगुराशिवाय काही सापडत नाही, त्या तळ्याचे पाणी कसे आहे हे प्रयोगशाळेत न जाताही कळते. आणि तो मांगूर परदेशी आफ्रिकन जातीचा असेल, तर त्याच्या पैदाशीवर देशात २००० सालापासून बंदी आहे, कारण तो इथल्या माशांना खाऊन संपवतो.

शेती होती तेव्हा या दिवसांचे महत्त्व गावाला ठाऊक होते. मृगाचा पहिला जोराचा पाऊस पडला की ओहोळ आणि शेते भरत, गाभोळीचे मासे अंडी घालायला उलटे वर चढत. त्यालाच कोकणात वलगण म्हणतात. परंतु जूनमध्ये वर चढणारा मासा चैत्र-वैशाखात कुठेतरी जिवंत राहिलेला असावा लागतो. तो राहतो तळ्याच्या खोल भागात, ओढ्याच्या डोहात. उन्हाळ्याचे तळे म्हणजे माशांचे बियाणे राखणारे कोठार. ते कोठार सडले की पुढच्या वर्षाचे ताट रिकामे. बोनकोडेच्या भोवती आता शेते नाहीत, वलगणही नाही. पण तळे आहे.

आता पाणी बाटण्याबद्दल. ४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर सी. के. बोले यांचा ठराव मुंबई विधिमंडळाने मंजूर केला व सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले झाले. महाडच्या नगरपालिकेने १९२४ साली तळे खुले केल्याचे जाहीर केले. प्रत्यक्षात पाण्याजवळ जाण्याची कोणाची छाती नव्हती. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेब ओंजळ भरून पाणी प्यायले, त्यांच्या मागून हजारो माणसे प्यायली, आणि सनातन्यांनी तळे बाटले म्हणून शेण, गोमूत्र, दही, दूध यांच्या घागरी ओतून त्याची शुद्धी केली! ज्या तळ्यावर गुरेढोरे पाणी पीत होती ते तळे माणसाच्या ओंजळीने बाटले, आणि शेण टाकल्याने शुद्ध झाले. मुंबई उच्च न्यायालयाचा निकाल आमच्या बाजूने यायला १७ मार्च १९३७ उजाडला.

म्हणजे पाणी कशाने बाटते आणि कशाने शुद्ध होते, याविषयी या समाजाची समजूत मुळातच उलटी आहे. ती आजही सरळ झालेली नाही. तळ्यात गटाराचे पाणी येते त्याने कोणाला विटाळ होत नाही. प्लास्टर ऑफ पॅरिसच्या मूर्ती, रंग आणि निर्माल्याचे ढीग तळाशी बसतात त्याने विटाळ होत नाही. मंडळाने २०२० साली सुधारित मार्गदर्शक सूचनांत अशा मूर्तींना मनाई केली तरी पळवाटांचा शोध थांबत नाही. आमचा रोख कोणाच्या श्रद्धेवर नाही. पण गळ घेऊन बसलेला फाटक्या सदऱ्याचा मजूर मात्र तळ्याची शोभा बिघडवतो! स्पर्शाचा विटाळ कायद्याने गेला. शोभेचा विटाळ आला.

या शोभेचा हिशेब पाहा. तळ्याचे सुशोभीकरण म्हणजे काय, तर कडेने सिमेंटची भिंत, फरसबंदी, रंगीत दिवे आणि कारंजे. माशाला अंडी घालायला आणि पिलांना लपायला काठची पाणवनस्पती लागते, ती भिंतीने जाते. कारंज्याने पाण्यात हवा मिसळते हे खरे. पण ते चालते संध्याकाळी, माणसे फिरायला येतात तेव्हा. त्या वेळी दिवसभराच्या उन्हामुळे पाण्यात प्राणवायू त्यातल्या त्यात पुरेसा असतो. माशाचा जीव जातो पहाटे तीन ते सहा, आणि तेव्हा कारंजे बंद! तेच यंत्र, तीच वीज, फक्त वेळ बदलली तर तळे वाचेल. गाळाचेही तसेच. गाळ काढलाच पाहिजे, पण ऐन मे महिन्यात संपूर्ण तळे उपसून काढणे म्हणजे बियाणे जाळून शेत साफ करणे. एका बाजूला डोह राखून, टप्प्याटप्प्याने काम करता येते.

हे सारे आम्ही कल्पनेने बोलत नाही. भंडारा-गोंदियाच्या मालगुजारी तलावांत ढिवर समाजाच्या मच्छीमारांनी बेशरमची झुडपे उपटून काढली, देशी पाणवनस्पती पुन्हा लावल्या, आणि हरवलेले देशी मासे परत आले. ज्याच्या हातात जाळे असते त्यालाच तळ्याची नाडी कळते. त्याला तळ्यावरून हाकलून तळे वाचत नाही.

काही सुशिक्षित मंडळी म्हणतील, शहरातल्या तळ्याचा मासा खाणे आरोग्याला धोक्याचे, म्हणून बंदीच बरी. धोका आम्ही नाकारत नाही. कारखान्याचे वा गटाराचे पाणी शिरलेल्या तळ्याचा मासा लेकराबाळांना खाऊ घालू नये, हे आम्ही आमच्या माणसांना स्पष्ट सांगतो. पण मग बंदी घाण सोडणाऱ्यावर हवी की मासा धरणाऱ्यावर? मासा खाण्यालायक नसेल तर तो तळ्याची काळजी घेणाऱ्यांचा पराभव आहे, गळवाल्याचा गुन्हा नव्हे. ठाण्याच्या खाडीला २०१५ साली फ्लेमिंगो अभयारण्य म्हणून मान मिळाला, २०२२ साली ती रामसर यादीत गेली. पक्ष्यांसाठी पाणी राखले जाते याचा आम्हाला आनंद आहे. त्याच पाण्याच्या काठी जगणाऱ्या माणसाचीही कोठे नोंद असावी, एवढेच आमचे म्हणणे.

तळे कोणाचे, हाही प्रश्न टाळून चालणार नाही. जुन्या गावगाड्याचे दिवस सोन्याचे होते असे आम्ही म्हणणार नाही. त्या गावगाड्यात आमचा पाणवठा वेगळा होता. परंतु आगरी-कोळी बांधव आणि आम्ही यांचे नाते नुसते वेगळ्या पाणवठ्याचे नाही. अलिबागजवळच्या चरी गावी १९३३ ते १९३९ खोतांविरुद्ध संप झाला. तो लढणारी कुळे बहुतांश आगरी होती, नेतृत्व नारायण नागू पाटलांचे होते, आणि खोती नष्ट करण्याचे विधेयक १९३७ साली विधिमंडळात मांडले ते बाबासाहेबांनी. जमिनीसाठी जे एकत्र आले त्यांना पाण्यासाठी एकत्र यायला काय हरकत आहे? सर्वोच्च न्यायालयानेही २०११ च्या जगपाल सिंग खटल्यात, गावाच्या तळ्यावरील अतिक्रमणे नियमित करू नयेत असे बजावले आहे. तळे सामाईक आहे. आणि सामाईक म्हणजे फक्त बाकावर बसून पाहण्यापुरते सामाईक नव्हे.

तेव्हा आमच्या मागण्या साध्या आहेत. मार्च ते जून दर आठवड्याला पहाटेच्या पाण्याची तपासणी करा, आणि प्राणवायू किती व मासा खाण्यालायक आहे की नाही हे तळ्याच्या काठी फलकावर मराठीत लिहा. गटाराचे तोंड तळ्यात उघडत असेल तर आधी ते बंद करा. कारंजी पहाटे चालवा. गाळ काढताना डोह राखा, काठ हिरवा राखा. विष टाकून वा सुरुंग लावून मासे मारणाऱ्यांना जरूर पकडा, १८९७ च्या कायद्यानेच तो गुन्हा ठरवला आहे. पण गळ आणि पाग घेऊन येणाऱ्याला जागा द्या. आणि मासेमारीचा ठेका द्यायचाच असेल तर तो बाहेरच्या ठेकेदाराला न देता गावच्या मच्छीमारांच्या सहकारी संस्थेला द्या, व तिचे दार वस्तीतल्या मजुरालाही उघडे ठेवा.

महाडच्या सत्याग्रहाचे शताब्दी वर्ष २०२७. त्यानिमित्त भाषणे होतील, हार पडतील. आमची सूचना एवढीच की, प्रत्येक वस्तीतल्या तरुणांनी एकदा तरी पहाटे पाच वाजता आपल्या तळ्यावर जाऊन उभे राहावे. मासा तोंड उघडून फिरतो आहे का ते पाहावे, आणि फिरत असेल तर त्याच दिवशी लेखी अर्ज घेऊन संबंधित कार्यालयात जावे. महाडला आपण पाण्याचा हक्क मिळवला. त्या पाण्यात जीव राहील हे पाहणे आता आपल्याकडे आहे.

जयभीम!