फोन तापला की प्रोसेसरला लगाम कोण घालतं?

मे महिन्यात एसटीच्या खिडकीत बसून गेम खेळत होतो. दहा मिनिटांत फोन तव्यासारखा तापला आणि गेम अडखळायला लागला. शेजारचा मित्र म्हणाला, "गेला रे तुझा फोन!" गेला वगैरे काही नव्हता. कर्नलनं प्रोसेसरला लगाम घातला होता.

कर्नल म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा. अँड्रॉइडमध्ये तो लिनक्सचा असतो. २०१५ साली लिनक्स ४.२ मध्ये 'पॉवर अलोकेटर' नावाचा भाग आला. फोन तापायला लागला की आता किती मिलिवॅट झेपतील हे तो ठरवतो आणि तेवढंच बजेट सीपीयू-जीपीयूमध्ये वाटून देतो. पगार कमी आला की घरात होतं तसंच.

यात गणित मात्र भारी आहे. प्रोसेसर काम करताना जी वीज खातो, ती वेगाच्या आणि व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. वेग आणि व्होल्टेज दोन्ही २० टक्क्यांनी उतरवले, तर ०.८ × ०.८ × ०.८, म्हणजे साधारण ०.५१. वेगाचा पाचवा हिस्सा गेला, पण वीज जवळपास निम्मी वाचली! म्हणून मला या मर्यादेचा राग येत नाही.

राग येतो तो लपवाछपवीचा. मार्च २०२२ मध्ये सॅमसंगची 'गेम ऑप्टिमायझिंग सर्व्हिस' गाजली, आठवतंय? तिथं मर्यादा ॲपचं नाव बघून लागत होती. बेंचमार्क ॲपला गेमचं नाव दिलं की त्याचा स्कोअर घसरायचा. खऱ्या नावानं चालवलं की फोन सुसाट. गीकबेंचनं गॅलेक्सी एस१० ते एस२२ या मालिकांचे मुख्य फोन आपल्या यादीतून काढून टाकले. नंतर सॅमसंगनं अपडेट देऊन निवड वापरणाऱ्याच्या हातात दिली. म्हणजे ती आधीही देता आली असती.

त्यामुळे नवा फोन घेताना रिव्ह्यूमधला पहिला मोठा आकडा बघून भुलू नका. ३डीमार्कची २० मिनिटांची स्ट्रेस टेस्ट बघा. पहिल्या फेरीपेक्षा शेवटच्या फेरीत स्कोअर किती उरला, ते त्यात कळतं. आणि हो, चार्जिंगला लावून, जाड कव्हर घालून गेम खेळायचा आणि वर कंपनीला शिव्या द्यायच्या, हे काही बरोबर नाही.

घरी आल्यावर मी माझ्या फोनच्या सगळ्या सेटिंग्ज चाळल्या. गेम मोड सापडला, बॅटरी सेव्हर सापडला. पण प्रोसेसरवर आत्ता किती मर्यादा लागली आहे, हे सांगणारी एक ओळही कुठे दिसली नाही.