थकबाकी हृदयाची

पालीच्या तिठ्यावरून एक रस्ता गोव्याकडे जातो, एक आंबा घाटातून कोल्हापूरला. तिथे एस. टी.ची वाट पाहत शेजारच्या वहिनी उभ्या होत्या. वय अठ्ठावन्न, हातात रिपोर्टांची पिशवी. "भावोजी, चढ चढताना दम लागला की सगळे अशक्तपणा म्हणायचे. आता डॉक्टर म्हणतात, हृदयाला जन्मापासून भोक आहे, आणि एक झडपही आखडलीय. दोन्हींचं एकदमच ऑपरेशन. आंब्याचा मोसम आटपला की बघू!"

हे काही जगावेगळे दुखणे नव्हे. फ्रेंच डॉक्टर ल्युटेमबाकर यांनी या जोडीचे वर्णन १९१६ मध्येच केले. वरच्या कप्प्यांमधले भोक पुष्कळदा चाळिशीपर्यंत बोलत नाही. झडप आखडते ती बहुधा लहानपणी घसा दुखून मागाहून येणाऱ्या सांधेतापामुळे. आखडलेल्या झडपेपाशी तुंबलेले रक्त भोकातून उजवीकडे वळते. त्यामुळे झडपेचा आजार काही काळ लपतो, पण उजवे हृदय थकत जाते. बँकेत मी असे खातेदार पाहिले आहेत. तक्रार नाही, पण व्याज चढतेच आहे.

पैशांची वाट आता थोडी मोकळी झाली आहे. २०१२ मध्ये सुरू झालेली राज्याची आरोग्य योजना २०१७ पासून महात्मा फुले यांच्या नावाने चालते. २०१३ पासून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांचे जन्मजात दोष शोधण्याचा राष्ट्रीय कार्यक्रमही आहे. पण त्याआधीच वाढलेल्या पिढीचे काय? तिची छाती नीट तपासणार कोण?

प्रश्न ऑपरेशननंतरही सुटत नाही. धातूची झडप टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी आणि वरचेवर रक्ततपासणी जन्मभराची. प्राण्याच्या ऊतीची झडप या जाचातून बहुधा सोडवते, पण साधारण दहापंधरा वर्षांत झिजते. म्हणजे झडप निवडताना वयाइतकाच प्रयोगशाळेपर्यंतचा रस्ताही मोजावा लागतो. चाळिशीपुढच्या दम लागणाऱ्या बाईची इको तपासणी आणि ही रक्ततपासणी तालुक्यातच झाली, तर निम्मी लढाई तिथेच जिंकू.

उरलेली निम्मी घरात आहे. "या वयात माझ्यावर एवढा खर्च कशाला?" वहिनींनी विचारलेच. हाच प्रश्न घरातल्या पुरुषाने स्वतःबद्दल विचारल्याचे मला आठवत नाही.

गाडी आली. मी एवढेच म्हणालो, "वहिनी, आंबे पोरं उतरवतील. तुम्ही तारीख घेऊनच या."