पोहण्यास मनाई आहे

आपल्या देशातील मोठ्या शहरांत जेथे तलाव आहे तेथे काठावर दोन गोष्टी हमखास आढळतात. एक म्हणजे 'पोहण्यास मनाई आहे' असे बजावणारा फलक, आणि दुसरी म्हणजे त्याच फलकावर कपडे टांगून पाण्यात उतरलेली मुले. सेवाकाळात असे फलक लावण्याचे आदेश मी स्वतः काढलेले आहेत. म्हणून पुढे जी टीका करणार आहे तिचा पहिला धनी मीच, हे आधी नमूद करतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की, ज्या तलावावर पोहण्यासाठी एकही सुरक्षित जागा प्रशासनाने शोधून, आखून दिलेली नाही, त्या तलावावर सरसकट मनाई करण्याचा नैतिक अधिकार प्रशासनाला पोचत नाही.

असा आदेश निघतो कसा, हे बाहेरच्या माणसाला ठाऊक नसते. एखादा मुलगा बुडतो. दुसऱ्या दिवशी बातमी येते व तिसऱ्या दिवशी बैठक लागते. महापालिका म्हणते की पाणी जलसंपदा विभागाचे आहे. जलसंपदा विभाग म्हणतो की काठ पालिकेचा आहे. मत्स्यव्यवसाय विभागाचा संबंध ठेक्यापुरता, आणि प्रदूषण मंडळाचा प्रतिनिधी बहुधा आलेलाच नसतो. मग सर्वांच्या नजरा दंडाधिकाऱ्याकडे वळतात, कारण त्याच्या हाती एक स्वस्त हत्यार असते. पूर्वी ते फौजदारी प्रक्रिया संहितेचे कलम १४४ होते. १ जुलै २०२४ पासून ते भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम १६३ झाले. यात गंमत अशी की, दंडाधिकाऱ्याचा हा आदेश दोन महिन्यांहून अधिक काळ अमलात राहू शकत नाही. फलक मात्र गंजून पडेपर्यंत उभा राहतो.

मी उपविभागीय अधिकारी असताना माझ्या आदेशानंतर पुढच्याच उन्हाळ्यात त्याच तलावात चौदा वर्षांचा एक मुलगा बुडाला. चौकशी माझ्याकडेच होती. अहवालात पोलिसांनी, पालिकेने व अखेर मीही एकच वाक्य लिहिले: 'घटनास्थळी मनाईचा फलक लावलेला होता.' त्या वाक्याने आम्हा सर्वांची सुटका झाली आणि प्रकरण नस्तीबद्ध झाले. जबाब नोंदवून झाल्यावर मुलाचा चुलता कागदावर अंगठा उमटवता उमटवता म्हणाला, "साहब, फिर बच्चा तैरना सीखे कहाँ?" त्याच्या आवाजात राग नव्हता, तो खरोखरच विचारीत होता. त्या गावात पोहण्याचा हौद नव्हता, नदी उन्हाळ्यात आटत असे, विहिरींना लोखंडी जाळ्या बसल्या होत्या. मी काहीच बोललो नाही. जबाबाच्या नमुन्यात त्या प्रश्नासाठी रकाना नव्हता.

२०२२ साली देशात बुडून मरण पावलेल्यांची नोंद ३८ हजारांच्या वर आहे, आणि हा आकडा केवळ पोलीस दप्तरी आलेल्यांचा. केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने २०२३ च्या अखेरीस बुडण्याच्या प्रतिबंधासाठी एक धोरणात्मक आराखडा प्रसिद्ध केला, ही चांगली गोष्ट झाली. पण आराखडा दिल्लीत असतो आणि घाट पालिकेच्या हद्दीत.

उदाहरणादाखल भोपाळ घेऊ. तेथे मराठी कुटुंबे पिढ्यान्‌पिढ्या राहिली आहेत, त्यामुळे वाचकांपैकी अनेकांना तेथील बडा तालाब परिचित असेल. अकराव्या शतकात राजा भोजाने कोलांस नदी अडवून तो बांधला असे मानतात. आजही सुमारे ३१ चौरस किलोमीटरचा हा जलाशय शहराच्या मोठ्या भागाला पिण्याचे पाणी देतो. २००२ साली तो, शेजारच्या छोट्या तालाबासह, 'भोज वेटलँड' या नावाने रामसर यादीत गेला. २०२३ साली हरित न्यायाधिकरणाने तेथील क्रूझ व मोटारबोटींवर बंदी घातली. नौकानयन, कयाकिंग यांचे खेळाडू याच शहराच्या पाण्यावर घडले. एवढे सर्व ज्या पाण्याविषयी ठरवता आले, त्याच्या काठावर दोनशे मीटरचा पट्टा पोहण्यासाठी ठरवणे अशक्य कसे?

यावर हमखास मिळणारे उत्तर असे की, 'हे पिण्याचे पाणी आहे.' हा आक्षेप गंभीर आहे व तो हसण्यावारी नेऊ नये. परंतु झुरिच शहर आपल्या पिण्याच्या पाण्याचा बहुतांश भाग झुरिच सरोवरातूनच घेते, आणि त्याच सरोवरात लाकडी फलाट बांधून केलेली तेथील स्नानगृहे एकोणिसाव्या शतकापासून चालू आहेत. टोरांटो शहर ऑन्टारियो सरोवराचेच पाणी पिते. तेथे स्थायिक झालेल्या वाचकांनी पाहिले असेल की, जीवरक्षक असलेल्या किनाऱ्यांवर उन्हाळ्यात रोज पाण्याचे नमुने घेतले जातात, आणि १०० मिलिलिटरमध्ये ई-कोलाय जिवाणूंची संख्या १०० च्या वर गेली की त्या दिवसापुरती पोहू नये अशी सूचना लागते. पोहणाऱ्यांमुळे पाणी बिघडत नाही असे मी म्हणत नाही. ते किती बिघडते, हे ती शहरे मोजतात. आपल्याकडे नाल्यांतून सांडपाणी तलावात उतरते त्याची चर्चा तपेच्या तपे चालते, आणि सकाळी अर्धा तास हातपाय मारणारा निवृत्त शिक्षक मात्र प्रदूषक ठरतो!

मोजण्याचे निकष आपल्याकडेही आहेत. स्नानयोग्य पाण्याचे निकष केंद्र शासनाने २००० सालीच अधिसूचित केले: विष्ठाजन्य कोलिफॉर्म १०० मिलिलिटरमध्ये ५०० पर्यंत असावेत व कोणत्याही परिस्थितीत २५०० च्या वर नसावेत, विरघळलेला प्राणवायू लिटरमागे ५ मिलिग्रॅमहून कमी नसावा, जैविक प्राणवायू मागणी ३ च्या आत असावी. प्रदूषण मंडळे नमुने घेतातही. पण तो आकडा घाटावर लिहिलेला मी अद्याप कोठे पाहिलेला नाही. जेथे निकष पाळले जात नाहीत तेथे पोहू देऊ नये, याविषयी माझे दुमत नाही. २०१७ मध्ये ज्याच्या फेसाने व आगीने बंगळूर हादरले त्या बेळ्ळंदूर तलावात कोणी उतरावे असे मी सुचवणार नाही. मुंबईच्या पवई तलावात मगरी आहेत, तेथेही नाही. परंतु 'नाही' म्हणण्यामागे कारण व मोजमाप असावे, आणि ते नागरिकाला वाचता यावे.

भारतीय माणूस शिस्तीने पोहणार नाही, असे काही सहकारी खासगीत म्हणत. त्यांनी कोलकाता पाहावे. कॉलेज स्क्वेअर व हेदुआ येथे भर शहरातील तळ्यांत पोहण्याचे क्लब अनेक पिढ्या चालले. अशाच शहरी जलतरणाच्या परंपरेतून आरती साहा घडल्या आणि १९५९ साली इंग्लिश खाडी पोहून जाणाऱ्या पहिल्या आशियाई महिला ठरल्या. त्याच शहरातील रवींद्र सरोवरात मे २०२२ मध्ये वादळात बोट उलटून सरावास आलेले दोन शाळकरी नौकापटू गेले, तेव्हा सोबतीला बचाव नौका नव्हती हे उघड झाले. पर्यावरणाच्या कारणास्तव इंधनावर चालणाऱ्या नौकांना तेथे मज्जाव होता. निर्बंध योग्य हेतूने घातला गेला होता, पण त्याच्या शेजारी ठेवायची दुसरी व्यवस्था कोणी लिहिली नाही. आपल्या प्रशासनाची ही जुनी खोड आहे.

पैशाची सबब मला मान्य नाही. मध्य प्रदेशात महसूल पुस्तक परिपत्रक ६-४ अन्वये पाण्यात बुडून मृत्यू झाल्यास वारसांना ४ लाख रुपये मिळतात, आणि ते मिळालेच पाहिजेत. परंतु तेवढ्याच रकमेत कंत्राटी दराने दोन जीवरक्षकांचे वर्षाचे वेतन साधारणपणे निघते. मृत्यूसाठी लेखाशीर्ष आहे, तो टाळण्यासाठी नाही.

जागा शोधायची कशी, हे काही गूढ शास्त्र नव्हे. पण बैठकीच्या खोलीत ती सापडत नाही. बांधाची पाळ पहिल्यांदा वगळावी; दगडी पिचिंगवर शेवाळ असते, पाय घसरला की दोन पावलांत तळ सुटतो. विसर्जनाचे घाट वगळावेत, कारण मूर्तींचे बांबू व लोखंडी सांगाडे गाळात उभे राहतात आणि वरून दिसत नाहीत. दरवाजे, सांडवे व पाणी उपसण्याच्या विहिरी यांपासून दूर जावे. नाल्याचे मुख कोठे आहे हे पावसाळ्यात जाऊन पाहावे, उन्हाळ्यात ते कोरडे असते व नकाशावर निष्पाप दिसते. जलपर्णी व पाणवेली कोठे दाटतात ते कोळ्यांना विचारावे. विभागाच्या कोणत्याही सर्वेक्षणापेक्षा त्यांची माहिती ताजी असते. उरलेल्या काठातून मंद उताराचा, कठीण तळाचा तुकडा निवडावा. मे महिन्यात जेथे कमरेइतके पाणी असते तेथेच सप्टेंबरात पुरुषभर होते, म्हणून खोलीच्या खुणा रंगवलेल्या खांबावर हव्यात, फलकावरच्या आकड्याचा उपयोग नाही. तरंगत्या बोयांची दोरी, एक वल्ह्याची होडी, ठरलेल्या वेळेत दोन जीवरक्षक, आणि मोठ्या पावसानंतर दोन दिवस लाल निशाण. एवढे झाले म्हणजे त्या दोरीबाहेरची मनाई न्याय्य ठरते, आणि लोक ती बऱ्याच अंशी पाळतातही, कारण त्यांना जाण्यास दुसरी जागा असते.

यातली अडचण पैशाची वा तंत्राची नाही, सहीची आहे. मनाईवर सही केली तर बुडालेला माणूस स्वतःच्या जबाबदारीवर बुडतो. जागा जाहीर करण्यावर सही केली तर तो माझ्या जबाबदारीवर बुडतो. कोणताही शहाणा अधिकारी पहिल्या कागदावर सही करील, मीही केली. हे गणित व्यक्तिगत धैर्याने बदलेल अशी अपेक्षा करणे भाबडेपणाचे आहे. ते नियमानेच बदलावे लागेल: निकष पाळून जागा घोषित करणाऱ्या अधिकाऱ्याला सद्‌हेतूचे संरक्षण मिळावे, आणि पर्यायी जागा न सुचवता मनाई काढणाऱ्याने त्याची कारणे आदेशातच लिहावीत. तोवर आपण जेथे असाल तेथे, भोपाळ असो, हैदराबाद असो वा उदयपूर, माहितीच्या अधिकारात दोन कागद मागावेत. फलकामागचा मूळ आदेश व त्याची मुदत हा एक, आणि तेथील पाण्याचा शेवटचा तपासणी अहवाल हा दुसरा.

गेल्या वर्षी त्या जुन्या गावाहून जाण्याचा योग आला. तलावाकाठी फलक नवा बसवला आहे, अक्षरेही ठळक आहेत. खाली आदेशाचा क्रमांक माझ्याच वेळचा आहे.