निरर्थ बालकविता : शब्दांची घडण आणि बोधाचा आग्रह

बालकवितेवरील संशोधनलेखनात 'जीवनमूल्ये' नावाचे एक प्रकरण हटकून आढळते. १९८६ च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणातील दहा गाभाघटक समोर ठेवायचे आणि संग्रहांतून त्यांची उदाहरणे वेचायची, अशी ही रीत. निरर्थ कवितेपाशी ती अडते. मग अभ्यासक एक तर ओढूनताणून बोध काढतो, नाही तर 'केवळ नादमाधुर्य' असा शेरा मारून पुढे सरकतो. माझ्या मते दोन्ही वाटा चुकीच्या आहेत. कवीने घडविलेल्या शब्दाकडे त्यांत कोणी पाहतच नाही.

विंदा करंदीकरांचा 'एटू लोकांचा देश' (१९६३) घ्यावा. 'एटू' हा शब्द कोशात सापडणार नाही. तरीही शीर्षक ऐकताच मूल जाणते की, ही माणसे आहेत आणि त्यांना देश आहे. शेजारच्या 'लोकांचा' या षष्ठ्यंत रूपाने ही ओळख करून दिलेली असते. पुढे ते आपण होऊनच 'एटूंना', 'एटूंनी' म्हणू लागते. निरर्थ शब्द अर्थ सोडतो, व्याकरण सोडीत नाही. अनोळखी माणसाला आधी नाव आणि घर मिळते, स्पष्टीकरण मागाहून येते किंवा येतही नाही. गाभाघटकांच्या यादीत हा बोध कोठे बसवावयाचा?

मराठी मुलाला ही घडण घरातच भेटते. 'चहाबिहा', 'पाणीबिणी' या अंशाभ्यस्त शब्दांच्या उत्तरार्धास स्वतंत्र अर्थ नाही. पण तो कसा घडवायचा याची रीत मात्र ठरलेली आहे. खेळात तर रीत आणखी कडक होते. राजारामपुरीच्या एखाद्या गल्लीत राज्य कोणावर हे ठरविताना मुले ज्या अर्थहीन अक्षरांवर बोट फिरवितात, त्या अक्षरांचा निकाल सर्वांना बंधनकारक असतो. थोरल्यालाही सूट नाही. 'अडम् तडम्' (१९८५) हे शीर्षक विंदांनी याच मौखिक ठेव्यातून उचलले. शब्दाला अर्थ नाही म्हणूनच त्याच्यावर पक्षपाताचा आरोप करता येत नाही, आणि न्यायाची ही पहिली ओळख मुलाला कोणत्याही तात्पर्यावाचून होते.

मात्र 'कल्पित शब्द' म्हणून जे जे नोंदले जाते, ते सारेच कल्पित नसते. 'पिशीमावशीची भुतावळ' (१९८१) मधील 'पिशी' हे मला 'पिसा' या जुन्या विशेषणाचे स्त्रीलिंगी रूप दिसते. (बंगालीत पिशी म्हणजे आत्या, ती मावशीही झाली तर गंमतच.) संतवाङ्मयात 'पिसे' म्हणजे वेड. कोल्हापुरी बोलण्यात 'खुळा' टिकला, 'पिसा' पोथीत राहिला, एवढेच. उलट बाजूचे उदाहरण एडवर्ड लिअरचे. १८७४ मध्ये मुंबईच्या 'टाइम्स ऑफ इंडिया'त आलेल्या त्याच्या 'द कमरबंड'मध्ये नायिका धोब्यावर बसते आणि चपराशी नदीत पोहतात. विलायतेतील वाचकाला ते निव्वळ नाद. आपल्याला तेच शब्द भलत्या जागी आलेले ओळखीचे चेहरे वाटतात आणि हसू दुसऱ्याच कारणाने येते.

तेव्हा विद्यार्थ्याने अर्थहीन शब्दांची यादी आणून दिली, की तिच्यापुढे कोश, पोथी आणि त्याच्या गावची बोली यांचे तीन रकाने आखून ती परत द्यावी. मूल्यांचे प्रकरण त्यानंतर तपासायला घेता येईल.